फुकटचा डाव कोणाच्या पैशाने?

पणजीत मांडवीच्या काठावर रात्री उभे राहिले की नदीत नांगरलेली कॅसिनोची जहाजे दिव्यांनी झगमगताना दिसतात. म्हणायला जहाजे, पण ती कुठे जात नाहीत. जातो तो त्यांत चढणाऱ्याचा पैसा. काठावरच्या खिडकीवर पॅकेज विकत मिळते. प्रवेश, पोटभर जेवण, पाहिजे तेवढी दारू, स्टेजवरचा नाच आणि वर ठराविक रकमेच्या ‘फुकट’ चिप्स. गोव्याला सहलीसाठी गेलेला मराठी माणूस एक रात्र तिकडे घालवतो. कार्यालयातले सहकारी वर्गणी काढून जातात, नोकरी लागलेली मुले मित्रांबरोबर जातात, निवृत्त झालेले गृहस्थ फंडाचे पैसे हाती आल्यावर ‘एकदा बघून तरी येऊ’ म्हणून जातात. त्यात आमच्या समाजातलीही माणसे आता दिसू लागली आहेत.

आम्ही वकिली करतो आणि चळवळीत काम करतो. दोन्हीकडे आम्हाला एक प्रश्न विचारला जातो. ऑफरचा फायदा घेतला तर बिघडले कुठे? जे फुकट आहे ते खेळावे, जेवावे आणि परत यावे. यात जुगार आला कुठून? हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. जुगार वाईट असतो हे खेळणाऱ्यालाही ठाऊक असते. त्याची समजूत एवढीच असते की फुकटचा डाव हा जुगार नव्हे. त्यामुळे त्याला उपदेश करून उपयोग नाही. त्याच्यासमोर हिशेब मांडला पाहिजे.

प्रथम चिप्सचा हिशेब. समजा, पॅकेज तीन हजारांचे आहे आणि त्यात दीड हजारांच्या चिप्स ‘फुकट’ आहेत. या चिप्स रोख पैसे देऊन घेतलेल्या चिप्ससारख्या नसतात. त्यांना ‘वन टाइम प्ले’ म्हणतात, म्हणजे एकदाच खेळायच्या. खिडकीवर नेऊन त्यांचे पैसे मागता येत नाहीत. पैज लावल्यावर जिंका वा हरा, ती चिप परत मिळत नाही. जिंकलात तर फक्त जिंकलेली रक्कम हाती येते. आता एक शून्य असलेले रूलेटचे चाक घ्या. त्यावर ३७ घरे असतात. १८ लाल, १८ काळी आणि एक हिरवे शून्य. ३७ माणसांनी आपापल्या दीड हजारांच्या चिप्स लालवर लावल्या आणि प्रत्येक घर एकदा आले असे धरले, तर १८ जण जिंकतील. त्या सर्वांना मिळून २७ हजार रुपये मिळतील. ३७ जणांत वाटले तर माणशी ७३० रुपये होतात. म्हणजे ‘दीड हजार फुकट’ असे जे तिकिटावर छापलेले असते त्याची खरी किंमत सव्वासातशेच्या आसपास आहे, आणि तीही तुम्ही तीन हजार भरल्यानंतर.

गणितात हुशार असलेला एखादा म्हणेल की आपण चिप एकाच आकड्यावर लावू. त्याचे म्हणणे कागदावर खरे आहे. एका आकड्यावर ३५ पट मिळतात. ३७ जणांपैकी एकाला ५२,५०० रुपये मिळाले तर सरासरी माणशी १,४१९ रुपये पडतात. फुकटची चिप तशीही परत मिळणार नसते, म्हणून मोठ्या देयकाच्या पैजेवर तिचे मोल वाढते. फुकट डावाचा ‘जास्तीत जास्त फायदा’ शिकवणारे लोक जे गुपित सांगतात ते हेच. पण हे गुपित कॅसिनोच्या मालकाला आधीपासून ठाऊक असते. म्हणून अशा चिप्स फक्त लाल-काळा यांसारख्या समसमान देयकाच्या पैजेवरच लावाव्यात अशी अट अनेक ठिकाणी घातलेली असते. आणि अट नसली तरी त्या ३७ जणांतले ३६ जण रिकाम्या हातानेच उठतात. सरासरी ही मालकासाठी खरी असते, कारण त्याच्या टेबलावर रोज हजारो डाव पडतात. तुमच्यासाठी त्या रात्रीचा एकच डाव असतो.

तरीही चिप्सपुरतेच पाहिले तर नुकसान फार नाही, हे आम्ही मान्य करतो. तीन हजारांत जेवण, नाच आणि एक डाव मिळाला, संपले. तेवढ्यावर उठून येणारा माणूस मालकाला परवडत नाही. पण मालकाला आपला गिऱ्हाईक ठाऊक असतो. दीड हजारांच्या चिप्स पंधरा मिनिटांत संपतात. शेवटची बोट पकडायला रात्र पडलेली असते. हातात पेला असतो, शेजारचा ओरडत असतो, भिंतीवर घड्याळ नसते. तेव्हा खिशातले पाकीट बाहेर येते. फुकटची चिप ही त्या पाकिटाची किल्ली आहे. ज्या दारूचे पैसे घेतले जात नाहीत ती दारूही औदार्यातून वाढलेली नसते. हिशेब करणारे डोके झोपवायला ती लागते.

आता खिशातल्या पैशाचा हिशेब पाहा. त्याच चाकावर दर शंभर रुपयांच्या पैजेमागे मालकाला सरासरी २ रुपये ७० पैसे राहतात. चाकावर दोन शून्ये असतील तर ५ रुपये २६ पैसे. हा आकडा लहान वाटतो, कारण आपण खिशातल्या पैशाकडे पाहतो आणि मालक उलाढालीकडे पाहतो. पाचशे रुपयांची पैज, तासाला चाळीस डाव, चार तास. म्हणजे १६० डाव आणि ८० हजारांची उलाढाल. खिशात पाच हजारच होते, पण तेच पैसे इकडून तिकडे फिरून ८० हजारांच्या पैजा झाल्या. त्यावर मालकाची सरासरी कमाई २,१६२ रुपये. मग तुमच्या नावाचे कार्ड काढले जाते. पुढच्या वेळी जेवण फुकट, कधी खोली फुकट, वाढदिवसाला चिप्स फुकट. त्या कार्डाचे गणित सरळ आहे. तुमच्या सरासरी पैजेवरून, तुम्ही किती तास बसता त्यावरून तुमच्याकडून अपेक्षित कमाई काढली जाते आणि तिचा एक हिस्सा तुम्हाला ‘भेट’ म्हणून परत दिला जातो. समजा चौथाई दिला, तरी २,१६२ रुपयांवर ५४० रुपयांचे जेवण झाले. आपल्याच पैशाच्या ताटाला आपण पाहुणचार म्हणतो.

मोबाईलवरचा ‘वेलकम बोनस’ याहून वाईट. दहा हजार भरा, आणखी दहा हजार बोनस घ्या, अशी जाहिरात असते. खाली बारीक अक्षरांत अट असते की बोनसच्या तीसपट रकमेच्या पैजा लावल्याशिवाय पैसे काढता येणार नाहीत. दहा हजारांचे तीसपट म्हणजे तीन लाख. एका शून्याच्या चाकावर तीन लाखांच्या पैजांवर सरासरी तोटा ८,१०८ रुपये येतो. दहा हजारांच्या बोनसातले उरले १,८९२ रुपये. शंभरामागे पाच रुपये कापणाऱ्या स्लॉटवर तेवढ्याच पैजा लावल्या तर सरासरी तोटा १५ हजार. म्हणजे बोनस तर गेलाच, वर घरचे पाच हजार गेले. अट जर भरलेली रक्कम आणि बोनस या दोन्हींच्या तीसपटीची असेल तर पैजा सहा लाखांच्या होतात आणि एका शून्याच्या चाकावरही तोटा १६ हजारांच्या पुढे जातो. ही बेरीज-गुणाकाराची उदाहरणे सातवीतल्या मुलाला सुटतील. पण ती जाहिरातीत कोणी सोडवून दाखवत नाही.

कायदा काय म्हणतो, हे आमच्या वाचकांनी नीट लक्षात ठेवावे. जुगारात जिंकलेल्या रकमेवर सरसकट ३० टक्के आयकर आणि वर उपकर लागतो. कॅसिनोत एका दिवशी पन्नास हजार जिंकले आणि दुसऱ्या दिवशी सत्तर हजार हरले, तर हरलेले वजा करून मिळत नाही. वीस हजार घरचे गेले आणि वर पन्नास हजारांवर पंधरा हजार कर. चिप्स घेण्यासाठी दिलेल्या रकमेवर वस्तू व सेवा कर वेगळा. ऑक्टोबर २०२३ पासून तो २८ टक्के होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के झाला. त्याचा भार दाखवताना कोणाच्याही नावावर दाखवला तरी पैसा खेळणाऱ्याकडूनच येतो.

भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम ३० प्रमाणे पैजेचा करार रद्दबातल असतो आणि पैजेत जिंकलेली रक्कम वसूल करण्यासाठी दावा चालत नाही. जुन्या मुंबई इलाख्यासाठी १८६५ मध्ये केलेल्या कायद्याने पैजेला जोडून केलेले करारही रद्दबातल ठरवले. त्यामुळे सट्टेवाल्याने जुगारासाठी म्हणूनच उधार दिले असेल आणि आता तो धमकावत असेल, तर घाबरून घर विकू नका. त्याने कोरा धनादेश घेऊन ठेवला असेल तरी तो कायद्याने वसूल होणाऱ्या देण्यापोटी होता काय, हा बचाव न्यायालयात मांडता येतो. लगेच वकील गाठा. मात्र बँकेचे, पतपेढीचे किंवा कर्ज देणाऱ्या ॲपचे पैसे तुम्ही घरदुरुस्तीच्या नावाने काढले आणि जुगारात घातले, तर ते देणे पूर्ण उभे राहते. आणि हे कलम दुधारी आहे. तुम्ही जिंकलात आणि समोरच्याने बोनसच्या अटीवर बोट ठेवून पैसे अडवले, तर तेच कलम तुमच्याही आडवे येते. हरलात तर पैसे आधीच गेलेले असतात. जिंकलात तर मिळतीलच याची हमी कायदा देत नाही.

याच कायद्याची दुसरी बाजू आमच्या वस्त्यांना चांगली माहीत आहे. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर नेहमी बातमी असते. झाडाखाली पत्ते खेळणाऱ्या पाच-सहा जणांना पकडले, जुगाराचे साहित्य आणि काही शे रुपये जप्त, १८८७ च्या महाराष्ट्र जुगार प्रतिबंधक कायद्याच्या कलम १२ (अ) खाली गुन्हा. नावे वाचली की वस्ती कळते. तेच पत्ते गालिचावर ठेवले आणि सरकारला शुल्क भरले की ते पर्यटन होते. गोव्याने १९७६ च्या आपल्या जुगार कायद्यात कलम १३-अ घातले. १९९२ मध्ये पंचतारांकित हॉटेलांत स्लॉट मशीनना वाट दिली, १९९६ मध्ये पाण्यावरच्या जहाजांना दिली. महाराष्ट्रानेही १९७६ मध्ये कॅसिनोचा कायदा करून ठेवला होता. तो कधी अंमलात आणला नाही, आणि तो रद्द करण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने २०२३ मध्ये घेतला. त्या निर्णयाचे आम्ही स्वागतच करतो. पण झाडाखालचा जुगार गुन्हा आणि जहाजावरचा जुगार उद्योग, ही वर्गवारी जातिव्यवस्थेत वाढलेल्या समाजालाच सुचू शकते.

कॅसिनोवाले ‘आमचा व्यवसायाचा हक्क’ असे म्हणतात, तेव्हा त्यांना सर्वोच्च न्यायालयाच्या १९५७ च्या निकालाची आठवण करून द्यावी. मुंबई राज्य विरुद्ध आर. एम. डी. चमारबागवाला या खटल्यात घटनापीठाने सांगितले की जुगार हा घटनेच्या अनुच्छेद १९ ने संरक्षण दिलेला व्यापार वा धंदा होत नाही. घटनेच्या सातव्या अनुसूचीत पैज आणि जुगार हा विषय राज्यांच्या यादीत ३४ व्या क्रमांकावर आहे. राज्याने ठरवले तर ते बंद करू शकते. चालू ठेवते ते महसुलासाठी. गोवा सरकारने फेब्रुवारी २०२० पासून गोव्याच्या रहिवाशांना कॅसिनोत जुगार खेळण्यास मनाई केली. आपल्या माणसांना हे घातक आहे हे ज्या सरकारला कळते, ते शेजारच्या राज्यातल्या माणसांसाठी मात्र दार उघडे ठेवते. मांडवीवरच्या रांगेत उभ्या असलेल्या मराठी माणसाने यातून काय समजायचे ते समजावे.

ऑनलाइन जुगाराबाबत संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा केला. खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा, पैसे लावून खेळला जात असेल तर तो चालवण्यावर, त्याच्या जाहिरातीवर आणि त्यासाठीच्या पैशाच्या व्यवहारांवर बंदी घातली. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंड अशी तरतूद केली. खेळणाऱ्याला शिक्षा ठेवली नाही, हे योग्यच झाले. मोठ्या कंपन्यांनी रमीचे पैशाचे डाव बंद केले आणि कायद्याला न्यायालयात आव्हानही दिले गेले. त्याच्या महिनाभर आधी, जुलै २०२५ मध्ये, विधान परिषदेत बसलेल्या राज्याच्या कृषिमंत्र्यांच्या मोबाईलवर रमी दिसत असल्याची चित्रफीत गाजली होती. आपण खेळत नव्हतो असे त्यांनी सांगितले आणि नंतर त्यांचे खाते बदलले. पण कायदा झाला म्हणून धंदा संपत नाही. परदेशातून चालणाऱ्या सट्ट्याच्या ‘आयडी’ व्हॉट्सॲपवरून विकल्या जातात. महादेव ॲपचे प्रकरण २०२३ मध्ये देशभर गाजले ते याच धंद्याचे होते. ‘आयडी घे, पहिल्या भरण्यावर बोनस’ असे सांगणारा एजंट आता आपल्याच गल्लीतला असतो. बोनस मिळवून देणारा हा मित्र तुमच्या हरण्यावर दलाली खातो, हे तरुणांना स्पष्ट सांगितले पाहिजे.

हा प्रश्न आमच्या समाजाला अधिक का झोंबतो? हरणे सर्वांसाठी सारखे नसते. ज्याच्या मागे शेती, दुकान, वाडवडिलांचा पैसा आहे, तो पन्नास हजार हरला तर चुटपुट लागते आणि विसरली जाते. आमच्याकडे शिल्लक हीच नवी गोष्ट आहे. आजोबांनी बलुत्याच्या भाकरीवर दिवस काढले, वडिलांनी गिरणीत, रेल्वेत वा नगरपालिकेत काम करून मुलाला शिकवले, आणि मुलाच्या खात्यात घराण्यात पहिल्यांदा पैसा उरू लागला. त्या पैशात धाकट्या बहिणीची फी आहे, गावाकडच्या आईचे औषध आहे. गिरणगावाने हे एकदा भोगले आहे. १९६० च्या दशकात मटका सुरू झाला तेव्हा चाळीचाळीत आकडा लावला जाई आणि पगाराच्या दिवशी बायका गिरणीच्या दरवाजावर उभ्या राहत, त्या पगार घरी पोहोचावा म्हणून. आज पगार दरवाजातून येत नाही, मोबाईलमध्ये येतो आणि जुगारही त्याच मोबाईलमध्ये बसलेला आहे. आईने उभे राहायचे कुठे?

तथागतांनी सिगाल नावाच्या गृहस्थपुत्राला राजगृहाजवळ जो उपदेश केला तो गृहस्थाश्रमी माणसासाठी आहे. त्यात संपत्ती नाश पावण्याच्या सहा वाटा सांगितल्या आहेत. नशापाणी, अवेळी रस्त्यावर भटकणे, नाचतमाशाची चटक, जुगार, वाईट संगत आणि आळस. कॅसिनोचे पॅकेज समोर ठेवून मोजून पाहा. सहापैकी पाच वाटा एका तिकिटात मिळतात. सहावी, आळस, दुसऱ्या दिवशी सकाळी मिळते. जुगाराचे दुष्परिणाम सांगताना त्यांनी पैशाचे नुकसान तर सांगितलेच, पण जिंकणाऱ्याच्या वाट्याला वैर येते, सभेत जुगाऱ्याच्या शब्दाला किंमत राहत नाही, आप्तमित्र त्याला तुच्छ लेखतात आणि त्याला कोणी मुलगी देत नाही, हेही सांगितले. ज्या चळवळीची सारी ताकद सभेत बोललेल्या शब्दावर उभी आहे, तिला यातला शब्दाचा मुद्दा विशेष लागू पडतो. उसने घेऊन न फेडणारा कार्यकर्ता वर्गणी मागायला कोणत्या तोंडाने जाणार?

त्याच उपदेशात कमाईचे चार भाग करायला सांगितले आहे. एक भाग उपभोगासाठी, दोन कामधंद्यात घालण्यासाठी आणि एक अडचणीच्या काळासाठी राखून. या चार भागांत पाचवा भाग नाही. आजच्या पगारदाराने कामधंद्याच्या जागी मुलांचे शिक्षण आणि घराचे हप्ते लिहावेत. हिशेब तोच राहतो.

तेव्हा फुकट डावाचा पुरेपूर फायदा कसा घ्यावा, याचे आमचे उत्तर असे आहे. सहकाऱ्यांबरोबर जाण्याची वेळ आलीच, तर तिकिटाची रक्कम म्हणजे जेवणाचा आणि नाचाचा खर्च असे समजून जावे. चाकावरची शून्ये मोजावीत, चिप्सच्या अटी आधी विचाराव्यात. पेल्याला हात लावू नये. एटीएमचे कार्ड आणि मोबाईल खोलीवर ठेवावा. फुकटच्या चिप्स संपल्या की पहिल्या बोटीने काठावर यावे. नावाचे कार्ड काढून घेऊ नये. हे शंभरात ज्याला जमेल त्याने खुशाल जावे. जमणार नसेल तर मित्रांना काठावरूनच निरोप द्यावा. त्यात कमीपणा नाही. मोबाईलवरच्या बोनसला मात्र असे नियम लावूनही उपयोग नाही. तो मुळातच घेऊ नये.

संघटनांनीही एवढे करावे. कर्मचारी संघटनांनी अभ्याससहलीच्या कार्यक्रमात कॅसिनो ठेवू नये. विहारातल्या रविवारच्या वर्गात मुलांना वंदनेनंतर अर्धा तास ही ३७ घरांची बेरीज फळ्यावर करून दाखवावी. गणिताचे शिक्षक आपल्याकडे भरपूर आहेत. वकिलांनी कर्जात अडकलेल्या घरांना विनामूल्य सल्ला द्यावा. आणि गोवा सरकारकडे मागणी करावी की फुकट चिप्सची खरी किंमत, अटी आणि प्रत्येक खेळातली कपात मराठी व कोकणीत, तिकिटाच्या खिडकीवर, मोठ्या अक्षरांत लावलीच पाहिजे. धंदा प्रामाणिक असेल तर मालकांना या फलकाची भीती वाटण्याचे कारण नाही.

मालक आपल्या खिशातून कोणाला खेळवत नाही. आजचा फुकटचा डाव काल हरलेल्याच्या पैशाने मांडलेला असतो आणि उद्याचा आपल्या पैशाने मांडला जाणार असतो. आपली शिल्लक तीन पिढ्यांच्या घामाची आहे. ती लावायची तर मुलाच्या वह्यापुस्तकांवर लावावी. तिथे चाकावर शून्य नाही.